एसटीपीतले बॅक्टेरिया 'अँटिबायोटिकने मेले' म्हणण्याआधी या चुका टाळा

हॉस्पिटलच्या एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात) अमोनिया वाढला की ऑपरेटरचं उत्तर ठरलेलं असतं: "साहेब, अँटिबायोटिकने बॅक्टेरिया मेले." लगेच कल्चरची, म्हणजे तयार बॅक्टेरियांची, पाकिटं मागवली जातात. ही घाई मला मुळीच पटत नाही. हॉस्पिटलच्या सांडपाण्यात अँटिबायोटिक सहसा लिटरला मायक्रोग्रॅममध्ये असतं. तेवढ्यानं टाकीत चांगला रुळलेला बॅक्टेरियांचा गाळ रातोरात मरत नाही.

एका ठिकाणी कित्येक पाकिटं ओतूनही अमोनिया हलेना. सकाळी साफसफाईच्या वेळी इनलेटचं झाकण उघडायला लावलं, तर क्लोरीनचा भपकारा. क्लोरीन तपासायच्या किटचे थेंब टाकताच पाणी पिवळंजर्द, म्हणजे क्लोरीन भरपूर. वॉर्डातलं आणि लाँड्रीतलं उरलेलं हायपो (क्लोरीनचं जंतुनाशक) रोज एकदमच गटारात जात होतं. नायट्रिफायर, म्हणजे अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया, मुळातच सावकाश वाढणारे, त्यांना पहिला फटका बसला. त्यात 'गाळ खराब झाला' म्हणून ऑपरेटर जास्तीचा गाळ काढत होता, म्हणजे उरलेसुरलेही बाहेर. हायपो थांबवलं, गाळ काढणं कमी केलं आणि काही आठवड्यांत अमोनिया उतरला. कल्चरचे पैसे पाण्यात गेले ते गेलेच.

मी आधी डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन), मग क्लोरीन, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद), गाळाचं वय (गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो) पाहतो. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवायला नायट्रिफायरना सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी लागते, हे विसरणारे फार. अँटिबायोटिकचा संशय सगळ्यात शेवटी.

औषध कारखान्यांचं पाणी मात्र वेगळं. हैदराबादजवळच्या पटानचेरूत सामायिक ईटीपीतून (अनेक कारखान्यांच्या सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्रातून) बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. अशा पाण्याचा बीओडी (घाण पचवायला बॅक्टेरियांना लागणारा ऑक्सिजन) कमी आला म्हणून खूश होऊ नका. औषध चाचणीच्या बाटलीतल्या बॅक्टेरियांनाच दाबून टाकतं. तोच नमुना आणखी पातळ करून लावा. हिशेबाने येणारा बीओडी चढत गेला, तर पाणी विषारी आहे असं धरा. सोबत सीओडी (तीच ऑक्सिजनची गरज, पण रसायनाने मोजलेली) हवाच.

आणि हॉस्पिटलातलं मुदत संपलेलं अँटिबायोटिक सिरप बेसिनमध्ये नाही, वैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत.

आउटलेटचं पाणी नितळ म्हणजे सगळं ठीक, हा समज सर्वांत घातक. टाकीत बॅक्टेरियांची दाटी असते. प्रतिकाराची जनुकं ते एकमेकांना देतात आणि औषधाचा अंश असला की प्रतिकार असलेल्यांचंच फावतं. सिप्रोफ्लॉक्सासिन तर बरंचसं गाळालाच चिकटतं. म्हणून हॉस्पिटलचा गाळ नुसता वाळवून 'खत' म्हणून बागेत टाकायला माझा ठाम विरोध आहे, माळी कितीही मागत असला तरी.