पोलंडच्या राजांचा गादीक्रम : तक्ता मांडायचा कसा

पोलंडच्या राजांची यादी बहुतेक ठिकाणी तीन रकान्यांत छापलेली असते : राजा, कधीपासून, कधीपर्यंत. ती पाठ होत नाही आणि झाली तरी काही सांगत नाही. या देशात गादी कधी बापाकडून मुलाकडे गेली, कधी भावाभावांत वाटली गेली, कधी लग्नातून परक्या घराण्यात गेली आणि १५७३ पासून उमरावांच्या निवडणुकीतून ठरू लागली. हक्क कशावर उभा होता हे प्रत्येक नावापुढे लिहिले, तरच क्रम डोक्यात बसतो. म्हणून तक्ता स्वतः हाताने मांडावा.

ए-३ आकाराचे दोन कागद लांबीकडून जोडा आणि सहा रकाने आखा : नाव व क्रमांक, पदवी (ड्यूक की राजा), निवडीची किंवा वारसा मिळाल्याची तारीख, राज्याभिषेकाची तारीख व ठिकाण, शेवट कसा झाला, हक्काचा आधार. उजव्या कडेला एक अरुंद सातवा रकाना लिथुआनियासाठी ठेवा, तो १३८६ पासून लागेल. सगळे पेन्सिलीने लिहा, कारण मधे ओळी घालाव्या लागणारच.

निवड आणि राज्याभिषेक एकाच रकान्यात कोंबू नका. झिग्मुंट दुसरा ऑगस्ट याची निवड १५२९ मध्ये झाली आणि २० फेब्रुवारी १५३० रोजी, वयाच्या नवव्या वर्षी, त्याला मुकुट चढवला गेला. वडील झिग्मुंट पहिला तेव्हा हयात होते आणि १५४८ पर्यंत तेच राज्य करत होते. एकच तारीख लिहिली की कारकीर्द अठरा वर्षांनी चुकते.

आधी फक्त मुकुटधारी राजे लिहा, बाकीचे नंतर. प्यास्त घराण्यातले सहा : बोलेस्वाव पहिला (१०२५), त्याचा मुलगा म्येश्को दुसरा (१०२५), बोलेस्वाव दुसरा (१०७६), प्शेमिसव दुसरा (१२९५), व्वादिस्वाव वॉक्येतेक (१३२०) आणि त्याचा मुलगा काझिम्येश तिसरा, म्हणजे काझिम्येश महान (१३३३). बोहेमियाचा वाच्लाव दुसरा (१३००) एक. आंजू घराण्यातले दोन : हंगेरीचा लुई (१३७०) आणि त्याची मुलगी यादविगा (१३८४). यागिएवो घराण्यातले सात. मग १५७३ पासून निवडून आलेले अकरा. बेरीज २७ आली पाहिजे. आना यागिएवोंका (झिग्मुंट दुसऱ्या ऑगस्टची बहीण) हिची ओळ धरून २८. बेरीज जुळली नाही तर बहुधा आना गळालेली असते किंवा स्तानिस्वाव लेश्चिन्स्की दोनदा मोजलेला असतो.

म्येश्को पहिला या यादीत नाही हे पाहून बिचकू नका. ९६६ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला, राज्याचा पाया घातला, ९९२ मध्ये तो वारला. पण तो ड्यूकच (मुकुट नसलेला राज्यकर्ता) राहिला. त्याची ओळ सर्वांत वर लिहा आणि पदवीच्या रकान्यात ‘ड्यूक’ असे ठळक करा. काझिम्येश पहिला आणि व्वादिस्वाव हेर्मान यांचेही तसेच. मुकुट एकदा मिळाला म्हणजे पुढच्यालाही मिळतोच, हा समज इथे चालत नाही. म्येश्को दुसऱ्याने १०३१ मध्ये तो गमावला. बोलेस्वाव दुसऱ्याला क्राकुवचे बिशप स्तानिस्वाव यांच्या हत्येनंतर १०७९ मध्ये देश सोडावा लागला. त्यानंतर २१६ वर्षे पोलंडमध्ये एकाचाही राज्याभिषेक झाला नाही.

११३८ ते १२९५ : इथेच बहुतेक तक्ते फाटतात

बोलेस्वाव तिसरा ११३८ मध्ये वारला. त्याने मुलांत प्रदेश वाटून दिले आणि क्राकुव घराण्यातल्या थोरल्याकडे राहील असे ठरवले. सिलेशिया थोरल्या व्वादिस्वावला, माझोविया बोलेस्वाव चौथ्याला, ‘थोरला पोलंड’ नावाचा प्रदेश म्येश्को तिसऱ्याला, सांदोम्येश हेन्रिकला. धाकट्या काझिम्येशला वेगळा वाटा नव्हता, आणि पुढे ११७७ मध्ये क्राकुव घेतले ते त्यानेच. थोरलेपणाचा नियम टिकला नाही त्याचे कारण साधे आहे : प्रत्येक भावाच्या हाती स्वतःचा प्रदेश आणि स्वतःचे सैन्य होते, मात्र थोरल्याचा शब्द पाळायला लावणारे बळ कुणाकडेच नव्हते. थोरला व्वादिस्वाव ११४६ मध्येच हद्दपार झाला.

या दीडशे वर्षांत सगळ्या शाखा एका रकान्यात लिहायला जाल तर पन्नासावर नावे जमतील आणि एकही लक्षात राहणार नाही. मुख्य तक्त्यात फक्त क्राकुव ज्याच्या हाती होते त्याचे नाव लिहा, बाकीच्या शाखा वेगळ्या कागदावर घ्या. चार खुंट्या ठोकल्या तरी पुरे : ११४६ ची हद्दपारी, ११७७ मध्ये काझिम्येश दुसरा, १२२७ मध्ये लेशेक गोऱ्याचा खून, आणि ९ एप्रिल १२४१ रोजी लेग्नित्साच्या लढाईत मंगोलांकडून मारला गेलेला हेन्रिक धर्मनिष्ठ.

प्शेमिसव दुसऱ्याने १२९५ मध्ये ग्न्येझ्नोला मुकुट घेतला आणि आठ महिन्यांत त्याचा खून झाला. वाच्लाव दुसऱ्याचा मुलगा वाच्लाव तिसरा १३०६ मध्ये मारला गेला. पोलंडमध्ये त्याचा राज्याभिषेक झाला नव्हता, म्हणून त्याची ओळ असेल पण बेरजेत धरू नका. वॉक्येतेकने २० जानेवारी १३२० रोजी ग्न्येझ्नोऐवजी क्राकुवच्या वावेल टेकडीवर राज्याभिषेक करवला. तेव्हापासून जागा वावेलची. ठिकाणाच्या रकान्यात अपवाद फक्त दोन येतील, १७०५ आणि १७६४, दोन्ही वॉर्सातले.

क्रमांकांचा गोंधळ

तक्त्यात दोन ‘व्वादिस्वाव दुसरे’ येतात : ११४६ चा हद्दपार ड्यूक आणि १३८६ चा राजा यागिएवो. ‘तिसरे’ही दोन. ही छपाईची चूक नाही. व्वादिस्वाव नावाच्या राजांची मोजणी वॉक्येतेकपासून नव्याने सुरू झाली, तर काझिम्येश आणि बोलेस्वाव यांच्या मोजणीत ड्यूकही धरले जातात. म्हणून क्रमांकासोबत टोपणनाव लिहाच. ऑगस्ट दुसरा दिसतो आणि पहिला सापडत नाही, कारण झिग्मुंट ऑगस्ट हाच पहिला मानला गेला. यान पहिला म्हणजे यान ओल्ब्राख्त.

हक्काचा रकाना

सगळ्या तक्त्यात मोलाचा रकाना हा. काझिम्येश महान १३७० मध्ये औरस मुलगा न ठेवता वारला. लुई त्याच्या बहिणीचा मुलगा, म्हणून आधार लिहा ‘भाचा, पूर्वकरार’. लुईलाही मुलगे नव्हते. मुलीचा हक्क मान्य करून घेण्यासाठी त्याने १३७४ मध्ये कोशित्से इथे उमरावांना सनद दिली आणि त्यांच्या जमिनीवरचा कर दर वानामागे (वान हे जमिनीचे माप) दोन ग्रोशांवर (ग्रोश हे नाणे) आणला. गादीच्या बदल्यात सवलत, हा व्यवहार इथून पुढे प्रत्येक वळणावर दिसेल. यादविगेचा अभिषेक राणी म्हणून नव्हे, ‘राजा’ म्हणून झाला. पदवीच्या रकान्यात तेच लिहा.

लिथुआनियाचा ग्रँड ड्यूक यागिएवो याने यादविगेशी लग्न केले, म्हणून त्याचा आधार ‘विवाह व निवड’. यादविगा १३९९ मध्ये वारली. त्याचे मुलगे व्वादिस्वाव आणि काझिम्येश चौथ्या पत्नीपासूनचे, त्यांच्यामार्फत प्यास्तांचा वारसा सांगता येत नव्हता. म्हणून १४३० मध्ये येद्ल्न्या इथे पुन्हा सनद : न्यायालयाच्या निर्णयाशिवाय कुणाही उमरावाला अटक नाही, आणि बदल्यात मुलांपैकी एकाला गादी. यागिएवो घराण्याचे राज्य वंशपरंपरागत वाटते खरे, पण प्रत्येक राजा निवडला गेलेला होता. उमराव निवड त्याच घराण्यातून करत राहिले, इतकेच.

लिथुआनियाचा रकाना याच काळात कामाला येतो. व्वादिस्वाव तिसरा १० नोव्हेंबर १४४४ रोजी वार्ना इथे पडला आणि पोलंडची गादी १४४७ पर्यंत रिकामी राहिली. भाऊ काझिम्येश १४४० पासूनच लिथुआनियाचा ग्रँड ड्यूक होता. १४९२ ते १५०१ दरम्यान पोलंडमध्ये यान ओल्ब्राख्त, लिथुआनियात अलेक्सांदेर. १५६९ च्या लुब्लिन करारानंतर निवड एकच होते, तेव्हा तो रकाना तिथे बंद करा.

१५७२ नंतर

आता प्रत्येक राजाच्या आधी एक मोकळी ओळ सोडा, राजाविना काळासाठी. पोलिशमध्ये त्याला ‘बेस्क्रुलेव्ये’ म्हणतात. या काळात ग्न्येझ्नोचे आर्चबिशप कारभार पाहत, आणि तीन सभा ओळीने भरत : तयारीची, निवडणुकीची, राज्याभिषेकाची.

पहिला निवडून आलेला फ्रान्सचा हेन्री. फेब्रुवारी १५७४ मध्ये अभिषेक, आणि भाऊ, म्हणजे फ्रान्सचा राजा, वारल्याची बातमी येताच जूनमध्ये रातोरात पळून गेला. ‘शेवट कसा झाला’ या रकान्यात ‘१५७४’ एवढेच लिहू नका, उमरावांनी गादी रिकामी जाहीर केली ती १५७५ मध्ये. डिसेंबर १५७५ मध्ये निवड दुभंगली : सिनेटने सम्राट माक्सिमिलियन दुसरा पुकारला, उमरावांनी आना यागिएवोंका आणि तिचा होणारा नवरा स्तेफान बातोरी. १ मे १५७६ रोजी दोघांचा अभिषेक झाला. म्हणून आनाला स्वतःची ओळ द्या, बातोरीच्या ओळीत कंसात टाकू नका.

दुहेरी निवड आली की दोन्ही नावे लिहा आणि ज्याचा अभिषेक झाला त्याच्यापुढे खूण करा. १५८७ मध्ये झिग्मुंट तिसरा वासा आणि आर्चड्यूक माक्सिमिलियन अशी तीच गत. निकाल लागला २४ जानेवारी १५८८ च्या बिचिनाच्या लढाईत. झिग्मुंटची आई कातारझिना ही आनाची बहीण, तेव्हा ‘निवड’ लिहूनही नाते जोडा. त्याच्यामागून व्वादिस्वाव चौथा (१६३२) आणि यान काझिम्येश (१६४८). हे सावत्र भाऊ असून दोघांच्या आया सख्ख्या बहिणी. यान काझिम्येशने १६६८ मध्ये गादी सोडली. मग दोन देशी राजे, मिखाव विश्न्योव्येत्स्की (१६६९) आणि यान तिसरा सोब्येस्की (१६७४). सोब्येस्कीच्या मुलाला गादी मिळाली नाही, ती १६९७ मध्ये सॅक्सनीच्या ऑगस्ट दुसऱ्याकडे गेली.

लेश्चिन्स्की दोनदा येतो : १७०४ ते १७०९ आणि पुन्हा १७३३ मध्ये. दोन्ही ओळी एका बाणाने जोडा. दोन्ही वेळा ‘आधार’ रकान्यात परकी सैन्ये लिहावी लागतात. आधी स्वीडनचे त्याच्या बाजूने, मग रशियाचे त्याच्याविरुद्ध. १७३३ मध्ये वॉर्साजवळ विस्तुला नदीपलीकडे ऑगस्ट तिसरा निवडला गेला.

शेवटची ओळ स्तानिस्वाव ऑगस्ट पोन्यातोव्स्की. अभिषेक २५ नोव्हेंबर १७६४, पदत्याग २५ नोव्हेंबर १७९५. दिवस एकच, तारीख चुकली असे समजून खोडू नका. मधे ३ मे १७९१ च्या राज्यघटनेने गादी सॅक्सनीच्या घराण्यात वंशपरंपरेने द्यायचे ठरवले होते. त्या घराण्याच्या फ्रीडरिख ऑगस्टची ओळ फिक्या पेन्सिलीने काढून ठेवा. पोलंडचा राजा तो झाला नाही. १८०७ मध्ये वॉर्साचा ड्यूक झाला, पण तो तक्ता वेगळा.