लिनक्सवर नेट चालेना? दुरुस्तीआधी या चुका टाळा

वळवाचा पाऊस येऊन गेला, लाइट गेली-आली, राउटर पुन्हा सुरू झाला. पण मिंट किंवा उबुंटू (लिनक्सचेच प्रकार) टाकलेल्या लॅपटॉपवर एक पान उघडेना. कोल्हापुरात राजारामपुरीतली भाड्याची खोली असो की मंगळवार पेठेतलं जुनं घर, नवशिक्याचा पहिला संशय लिनक्सवरच जातो. मग फोनवर सापडेल ती कमांड टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चिकटवायची, आणि नाहीच जमलं तर सगळी सिस्टिम नव्याने टाकायची. नेट नेमकं कुठे तुटलंय हे बघायच्या आधीच दुरुस्ती सुरू होते, ही यातली सगळ्यात महागात पडणारी चूक. लॅपटॉपचं वायफाय कार्ड, राउटर, केबलवाल्याची फायबर, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) आणि मग ब्राउझर, अशी ही वाट आहे. जवळून सुरुवात करून लांब जायचं.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा.

बॉक्सकडे न बघताच लॅपटॉप उघडणं

फायबरच्या बॉक्सवर 'पॉन' आणि 'लॉस' असे दोन दिवे असतात. पॉन हिरवा आणि स्थिर हवा. लॉस लाल असेल तर बॉक्सपर्यंत फायबरमधला प्रकाशच पोचत नाहीये: खांबावरून, झाडातून आलेली तार कुठेतरी तुटली आहे किंवा फार वाकली आहे. अशा वेळी लॅपटॉपवर काहीही करून उपयोग नाही.

"फोनवर तर नेट चालतंय" असं म्हणण्याआधी फोनचा मोबाइल डेटा बंद करा. तो चालू असेल तर राउटरचं नेट गेल्यावर फोन सिमवरून नेट घेतो आणि तुमचा अंदाज चुकवतो.

पिंगचा क्रम चुकवणं

टर्मिनल उघडा (कंट्रोल-ऑल्ट-टी) आणि 'आयपी ए' टाइप करा. 'एलओ' नावाची ओळ सोडून द्या, तो लॅपटॉपचा स्वतःशीच चालणारा संवाद आहे. वायफायची ओळ बहुधा 'डब्ल्यूएल'ने सुरू होते आणि केबलची 'ईएन'ने. त्या खाली 'आयनेट'पुढे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर बहुतेक घरांत राउटरशी जोडणी नीट झालेली असते. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. जोडणी तोडून पुन्हा जोडा, राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. केबलच्या ओळीत 'नो-कॅरिअर' दिसलं तर पिन बघा. लॅन केबलच्या पिनची प्लास्टिकची खिट्टी तुटली की ती सैल बसते, हा नेहमीचा घोटाळा.

मग 'आयपी रूट'. 'डिफॉल्ट व्हाया'पुढे जो आकडा येतो तो राउटरचा पत्ता, समजा १९२.१६८.१.१. आता एकेक करून पिंग करा, म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते बघा:

पिंग -सी ४ १९२.१६८.१.१
पिंग -सी ४ ८.८.८.८
पिंग -सी ४ गूगल.कॉम

'-सी ४' विसरलात तर पिंग थांबतच नाही, कंट्रोल-सी दाबावं लागतं. पहिलाच पिंग अडला तर दोष लॅपटॉप आणि राउटरच्या मधे आहे. पहिला झाला, दुसरा अडला तर दोष राउटरच्या पुढे, म्हणजे बहुतेक केबलवाल्याकडे. पहिले दोन झाले आणि तिसऱ्याला 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन' आलं तर नेट आहे, फक्त नावावरून पत्ता सापडत नाहीये, दोष डीएनएसचा. 'नेटवर्क इज अनरीचेबल' हा संदेश वेगळा: लॅपटॉपला बाहेर जायची वाटच माहीत नाही. हे दोन संदेश एकच समजून भलतीकडे दुरुस्ती करणारे पुष्कळ.

डीएनएसची फाइल हाताने बदलणं

जुने सल्ले सांगतात, 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' फाइल उघडा आणि त्यात ८.८.८.८ लिहा. उबुंटूवर ही फाइल सिस्टिम स्वतः तयार करते, त्यात १२७.०.०.५३ असा पत्ता असतो. तुमचा बदल पुढच्या जोडणीला किंवा रीस्टार्टला पुसला जातो. बदल करायचाच तर वायफायच्या सेटिंगमध्ये, आयपीव्ही४ च्या पानावर, डीएनएसचं 'ऑटोमॅटिक' बंद करून १.१.१.१, ८.८.८.८ लिहा, मग जोडणी एकदा तोडून जोडा. वसतिगृहात मात्र हे करू नका. जिथे आधी लॉगिनचं पान येतं, तिथे बाहेरचा डीएनएस टाकला की बरेचदा ते पानच उघडत नाही.

वायफायच दिसत नाही, म्हणून कार्ड जळालं समजणं

'आरएफकिल लिस्ट' टाइप करा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड: येस' असेल तर 'सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय' पुरे. 'हार्ड ब्लॉक्ड: येस' असेल तर आधी लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा एफएन की बघा. त्याच लॅपटॉपवर विंडोजही असेल तर त्यातलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि काही कार्डं अर्धवट अवस्थेत अडकतात.

यादीत वायफाय नावालाच नसेल तर अडचण ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामची. 'एलएसपीसीआय -एनएनके' मध्ये 'नेटवर्क कंट्रोलर' शोधा. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नसेल तर कार्डाला ड्रायव्हर मिळालेला नाही. जुन्या लॅपटॉपमधल्या ब्रॉडकॉम कार्डांचं हे दुखणं सगळ्यांत जास्त. पण ड्रायव्हर उतरवायला नेट हवं, आणि नेटला ड्रायव्हर. वाट सोपी आहे: अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. बहुतेक वेळा लिनक्सला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल मात्र डेटाची हवी. फक्त चार्जिंगची असेल तर काहीच दिसणार नाही. मग मिंटवर 'ड्रायव्हर मॅनेजर', उबुंटूवर 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' उघडा आणि सुचवलेला ड्रायव्हर टाका.

इथे एक जागा जपून. सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो, त्यावर 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं की ड्रायव्हर टाकलेला असूनही चालत नाही आणि माणूस दिवसभर कारण शोधत बसतो.

रिअलटेक कार्डाचा ड्रायव्हर हाताने बांधून टाकला असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाल्यावर तो गायब होऊ शकतो, कारण तो जुन्या कर्नलसाठी बांधला होता. घाबरू नका. सुरू होताना ग्रबच्या (काय सुरू करायचं ते विचारणाऱ्या पडद्याच्या) यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून मागचा कर्नल निवडा, वायफाय परत येईल. मग नव्यासाठी ड्रायव्हर पुन्हा बांधा.

उरलेल्या काही

पेठेतल्या जाड दगडी भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल टिकत नाही. आतल्या खोलीत २.४ वापरा. राउटर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनेलवर असेल तर लॅपटॉपला त्याचं नावही दिसत नाही असं होतं. राउटरमध्ये १, ६ किंवा ११ ठेवा. पिंग होतो पण प्रत्येक साइट सर्टिफिकेटची तक्रार करते, तेव्हा तारीख बघा. जुन्या पीसीतला सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं.

दोष राउटरच्या पुढे निघाला तर केबलवाल्याला फोन करताना "नेट बंद आहे" एवढंच सांगू नका. "दादा, पॉन हिरवा आहे, लॉस विझलेला आहे, राउटर पिंग होतोय, ८.८.८.८ होत नाही, दुसऱ्या लॅपटॉपवरही तेच" असं सांगा. मग तो घरी माणूस पाठवायच्या आधी तुमचं खातं आणि स्वतःचं मशीन तपासेल.