रक्तचरित्र बघायचा असेल तर असा बघा

आपल्याकडं हा सिनेमा बहुतेकांनी तुकड्यातुकड्यांत बघितलाय. ग्रुपवर कुणीतरी बॉम्बचा नायतर कोयत्याचा सीन टाकतो, चार जण आगीचे इमोजी टाकतात आणि विषय संपतो. तसं बघून काहीच कळत नाय. आंध्रातल्या दोन खऱ्या माणसांच्या वैरावर बेतलेला राम गोपाल वर्माचा हा सिनेमा २०१० चा, दोन भागांत आला, पहिला ऑक्टोबरात आणि दुसरा डिसेंबरात, आणि तो दोन भाग मिळून एकच सिनेमा आहे असं धरूनच बसायचं. पहिलाच बघून सोडला तर अर्धी बाजू ऐकून निवाडा दिल्यासारखं होतं.

भाषेचं आधी सांगतो. तेलुगू आणि हिंदी दोन्हीत आहे. आपल्या डिचोली-पेडण्याकडच्या माणसाला तेलुगू शब्द शब्द कळणार नाय, त्यामुळं पहिल्यांदा हिंदीत बघा, गोष्ट डोक्यात बसू द्या, मग आवडलेले सीन तेलुगूत सबटायटल लावून परत बघा. तमिळमधला घेऊ नका, तिथं पहिल्या भागाची गोष्ट सुरुवातीलाच आटोपती घेतलीय आणि दुसऱ्या भागावरच भर आहे.

बसण्याआधी एक कागद घ्या. खरंच घ्या, कारण माणसं भरपूर आहेत, अर्ध्याअधिकांचं आडनाव रेड्डी आहे आणि अर्ध्या तासात कोण कुणाचा हेच विसरायला होतं. मध्ये उभी रेघ मारा. डावीकडं प्रताप रवी, म्हणजे विवेक ओबेरॉय. खरा माणूस परिटाला रवींद्र, तेव्हाच्या अनंतपूर जिल्ह्यातल्या पेनुकोंडाचा तेलुगू देसमचा आमदार. उजवीकडं सूर्या, हे काम तमिळ स्टार सूर्यानंच केलंय, आणि खरा माणूस मद्देलचेरुवू सूरी. शत्रुघ्न सिन्हाचा शिवाजी राव म्हणजे सिनेमातून राजकारणात येऊन आंध्रचे मुख्यमंत्री झालेले एनटीआर, हे तर बघताक्षणी कळतं. आणि अभिमन्यू सिंगचा बुक्का रेड्डी, त्याच्या नावापुढं काही लिहू नका, तो एकदा पडद्यावर आला की विसरताच येत नाय, माझ्या मते दोन्ही भागांतलं सगळ्यात जबरदस्त काम त्याचं आहे.

आता जमीन. हे आपण गोंयकार हमखास सोडून देतो आणि इथंच सगळं अडतं. अनंतपूर म्हणजे रायलसीमा, आंध्रचा दुष्काळी टापू, आणि तो देशातल्या सगळ्यात कोरड्या जिल्ह्यांपैकी एक. आपल्या सत्तरी-सांग्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथं ५५० च्या आसपास, तोही धड नाय. भुईमूग लावायचा आणि आभाळाकडं बघत बसायचं. बघायचंच असेल तर वास्कोहून सुटणारी अमरावती एक्सप्रेस पकडा, हुबळी-बळ्ळारी करत गाडी गुंटकलला जाते आणि गुंटकल अनंतपूर जिल्ह्यातच येतं, खिडकीतून दगडधोंडे आणि लाल माती बघितली की सिनेमातलं रखरखीत रान दिग्दर्शकानं उगाच दाखवलेलं नाय हे पटतं. अशा ठिकाणी पाणी आणि शेतजमीन ज्याच्या हातात, गाव त्याच्या हातात. त्यात जुन्या पाळेगारांचा वारसा, म्हणजे आपापल्या टापूत स्वतःची हत्यारबंद माणसं बाळगणारे सरदार. १८०० साली निजामानं हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला दिला, कंपनीचा अधिकारी मन्रोनं पाळेगारांना मोडून काढलं, पण गावातल्या बड्या माणसानं स्वतःची टोळी ठेवायची ही रीत काही गेली नाय. तिकडं ह्या सगळ्याला फॅक्शन म्हणतात, इंग्रजी शब्दच तेलुगूत रुळलाय.

रवीचे वडील परिटाला श्रीरामुलू डाव्या विचाराचे, मोठ्या जमीनदारांच्या जमिनी गरिबांना मिळाव्यात म्हणून उभे राहिलेले, त्यांचा १९७५ साली खून झाला. पहिला भाग बघताना हे डोक्यात ठेवा. म्हणजे कॉलेजातला पोरगा हत्यार का उचलतो ते नुसतं सिनेमातला बदला म्हणून दिसणार नाय, त्याच्या मागं जमिनीचं भांडण आहे हे दिसेल. पुढं १९९४ ला तो निवडून आला आणि एनटीआरच्या मंत्रिमंडळात गेला. भांडण गावातून विधानसभेत पोचलं ते असं.

दुसऱ्या भागात मात्र हात रिमोटवर ठेवा. तिथं कारबॉम्ब आधी येतो आणि सूर्यानं तो का लावला ते मागाहून उलगडतं. त्यामुळं पहिल्यांदा तो नुसता राक्षस वाटतो आणि नंतर एकदम आपण त्याच्या बाजूला जातो. खरी तारीखवार उतरंड कागदावर लिहा. १९९३ ला टीव्हीत बॉम्ब लपवून सूरीच्या घरात पाठवला होता, टीव्ही लावला आणि घरातली माणसं गेली. १९९७ च्या नोव्हेंबरात हैदराबादला कारबॉम्ब. ही दोन वर्षं एकाखाली एक लिहून मग तोच सीन परत बघा, वेगळाच दिसतो.

आणि कारबॉम्बपाशी जरा थांबाच. तो फुटला कुठं, तर फिल्म स्टुडिओजवळ, ज्युबिली हिल्सला. त्या दिवशी मुहूर्त कसला होता, तर रवीच्या वडिलांवरच्या सिनेमाचा, मोहन बाबू हिरो. बापावरच्या सिनेमाचा मुहूर्त करून मुलगा निघतोय आणि रस्त्यावर गाडी उडते. रवी वाचला. २६ माणसं मेली, त्यात मुहूर्ताचं शूटिंग करायला आलेली टीव्हीची माणसं होती. त्यांचं ह्या भांडणाशी काय देणंघेणं? मला अजून हे पचत नाय. म्हणून स्फोटाचा आवाज आणि स्लो मोशन बघून वाहवत जाऊ नका, पॉज करा आणि मेलेले कोण ते आठवा.

वर्मा प्रेक्षकाला ओढून नेण्यात पक्का आहे. कॅमेरा जमिनीला लागून, पार्श्वसंगीत कानठळ्या बसवणारं, आणि वर निवेदन, जे प्रत्येक वेळी काय वाटून घ्यायचं ते आपल्याला सांगत राहतं. निवेदन चालू झालं की स्वतःला विचारा, हे मला दिसलं की मला सांगितलं? मला तर निवेदन निम्मं कापलं असतं तरी चाललं असतं. चवथीला सगळे जमलेत म्हणून घरात टीव्हीवर लावायचा असा बेत असेल तर तो सोडा, पोरांसमोर हा लावायचा सिनेमाच नाय, बायकांवरच्या अत्याचाराचे सीन मोठ्यांनाही जड जातात. मोठी माणसं मिळून बघा आणि दोन भागांमध्ये एक रात्र जाऊ द्या. त्या रात्री कुणीतरी विचारणारच, हिरो कोण? उत्तर देऊ नका, दुसरा भाग लावा.

सिनेमा संपला तरी कागद ठेवून द्यायचा नाय. रवीला २४ जानेवारी २००५ ला अनंतपुरात पक्षाच्या ऑफिसातच मारलं, तेव्हा सूरी कारबॉम्बच्या केसमध्ये जन्मठेप भोगत तुरुंगात होता. रवीच्या खुनातला मुख्य आरोपी मोद्दू श्रीनू २००८ ला तुरुंगातच मारला गेला. सूरी नंतर सुटला, दुसरा भाग थिएटरला लागला तेव्हा तो बाहेर होता, आणि महिन्याभरात, ३ जानेवारी २०११ ला, हैदराबादला त्याच्याच जवळच्या माणसानं, भानू किरणनं, त्याला गोळी घातली. २०१८ ला भानू किरणला जन्मठेप झाली. ही नावं सिनेमात मिळणार नायत, ती तुम्हीच उजव्या बाजूला खाली लिहायची. डाव्या बाजूला रवीची बायको परिटाला सुनीता, ती पुढं आमदार झाली, २०१४ ला मंत्रीही. मग पहिला भाग पुन्हा लावा, ह्या वेळी तेलुगूत.