पोरगं म्हणालं, "मला न्यूअर व्हायचंय"

मी मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. तालमींची फुटबॉल मॅच असली की गल्ली ओस पडते, हे बघतच मोठी झाले. पण स्वतःचं पोरगं गोलमध्ये उभं असताना बाहेर काय होतं ते जर्मनीत, गेल्झनकिर्शनला आल्यावर कळलं. ईशान आता तेराचा, सात वर्षं गोलमध्ये उभा आहे. इकडे नव्याने आलेल्या मराठी घरांतून अधूनमधून फोन येतो, "ताई, आमच्याला गोलकीपर व्हायचंय, काय करू?" दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते.

पोर सहाचं असेल तर आधी गप्प बसा. ग्लोव्हज घेऊ नका. २०२४-२५ च्या हंगामापासून इथल्या सगळ्यात लहान गटात, म्हणजे जी-युगेंडमध्ये, गोलकीपर ही जागाच नाही. चार छोटे गोल, दोघांविरुद्ध दोघं नाहीतर तिघांविरुद्ध तिघं, आणि सगळ्यांनी पळायचं. आपल्या लोकांना हे पोरखेळ वाटतं. पण १९९२ साली नियम बदलला आणि आपल्या खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला बॉल कीपरला हातात घेता येईना. तेव्हापासून पाय कच्चे असलेल्या कीपरला वर कुणी विचारत नाही. पटत नसेल तर २०१४ च्या वर्ल्ड कपमधली जर्मनी-अल्जेरिया मॅच पोराला शेजारी घेऊन बघा. बॉलकडे बघू नका, फक्त जर्मनीच्या गोलकीपरकडे, मानुएल न्यूअरकडे बघा. पेनल्टी बॉक्स सोडून तो इतक्या वेळा बाहेर धावलाय की आमची आजी असती तर म्हणाली असती, "ह्याला घर नाही का?"

दहाच्या आसपास पोराने तरीही हट्ट सोडला नाही, तर ग्लोव्हज घ्या. दुकानात पोराला न्याच, ऑनलाइन मागवू नका. ग्लोव्ह घातल्यावर बोटाच्या टोकापुढे थोडी जागा राहिली पाहिजे, साधारण करंगळीच्या रुंदीइतकी. पुढच्या वर्षीही चालतील म्हणून दोन नंबर मोठे घेण्याची आपली सवय इथे नडते, कारण बॉल पंज्यात न बसता रबरावरून घसरतो. आणि पहिल्या दिवसापासून एक शिकवा: पडल्यावर उठताना तळवा जमिनीला टेकायचा नाही, मूठ टेकायची. कृत्रिम गवतावर तळव्याचं लॅटेक्स कांदा किसल्यासारखं निघतं. ईशानची पहिली जोडी सहा आठवड्यांत गेली. दुसरी हंगामभर टिकली, ती ह्या एका सवयीमुळे.

खरी परीक्षा तेराव्या वर्षी येते आणि तिची कुणी आधी कल्पना देत नाही. डी-युगेंड ह्या वयोगटापर्यंत गोल पाच मीटर रुंद आणि दोन मीटर उंच असतो. त्यापुढच्या सी-युगेंडमध्ये गेलं की एकदम मोठ्यांचा गोल, ७.३२ बाय २.४४. म्हणजे दहा चौरस मीटर राखणाऱ्या पोराला एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जवळजवळ अठरा चौरस मीटर राखायचे, आणि पोराची उंची मात्र तेवढीच. ईशानच्या पहिल्या मॅचमध्ये तीन गोल डोक्यावरून गेले. तिसऱ्याला तो उडीसुद्धा मारेना, नुसतं वळून जाळीकडे बघत राहिला. बाहेरून कुणाचा तरी बाप ओरडला, "फ्लीगेनफेंगर!" म्हणजे माश्या पकडणारा. कच्च्या कीपरला इकडे असंच म्हणतात. हे तुमच्याही पोराला ऐकावं लागेल, तेव्हा त्याला अर्थ आधीच सांगून ठेवा. दुसऱ्याकडून कळला तर जास्त लागतो.

त्या वर्षात उंचीवरून घरात बोलू नका. न्यूअर ह्याच शहरात, १९८६ साली जन्मला, पाच वर्षांचाही नव्हता तेव्हा इथल्या शाल्के क्लबात आला, आणि त्या वयात तोही बुटका म्हणूनच ओळखला जायचा. आज १.९३ मीटर आहे. तुमचंही पोर तेवढं होईल असं मी म्हणत नाही. माझ्या घरात तर पाच फूट आठच्या वर कुणी गेलेलं नाही. पण तेराव्या वर्षी निकाल लागत नसतो, एवढं खरं.

आता खुर्चीचं बोलू, कारण ह्या धंद्याचं सगळं मर्म तिथे आहे. बुंडेसलिगात, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, १८ क्लब, म्हणजे पहिल्या कीपरच्या खुर्च्या १८. स्ट्रायकर दमला की दुसरा उतरतो. दुसरा कीपर उतरतो तो पहिल्याचं काहीतरी मोडलं किंवा बिनसलं तरच. जर्मनीचा गाजलेला कीपर ऑलिव्हर कान, त्याचंच बघा. कार्ल्सरूअचा पोरगा, त्याच गावच्या क्लबात लहानाचा मोठा झालेला. १९८७ च्या नोव्हेंबरात पहिली बुंडेसलिगा मॅच मिळाली, कोलोनविरुद्ध, आणि चार गोल खाल्ले. मग परत बाकावर. पक्की जागा मिळाली १९९० मध्ये. २००२ च्या वर्ल्ड कपचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा माणूस विशीच्या उंबरठ्यावरची ती वर्षं ट्रॅकसूट घालून दुसऱ्याची मॅच बघत होता.

न्यूअरला संधी मिळाली ती २००६ च्या ऑगस्टमध्ये आखेनला, शाल्केचा पहिला कीपर फ्रांक रॉस्ट जखमी होता म्हणून. त्याच हंगामात त्याने रॉस्टची जागा कायमची घेतली. आणि २०२२ च्या डिसेंबरात न्यूअरने स्वतः स्कीइंग करताना पाय मोडून घेतला, तेव्हा त्याच्या बायर्न म्युनिक क्लबने पुढच्याच महिन्यात यान झोमरला आणून उभा केला. खुर्ची गरम राहत नाही.

म्हणून पोर दुसरा कीपर असेल तर क्लब बदलायची घाई करू नका. एक हंगाम थांबा. त्या हंगामात त्याला एक काम द्या: मॅचआधी पहिल्या कीपरला वॉर्मअप तोच देईल. हे हलकं काम नाही. २००६ च्या वर्ल्ड कपला कानला बाकावर बसवून येन्स लेमनला पहिला कीपर केलं होतं. बर्लिनला अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टी शूटआउटची वेळ आली, तेव्हा कान उठून लेमनकडे गेला आणि हात मिळवला. दोघांचं पटत नाही हे अख्ख्या देशाला ठाऊक होतं. लेमनने मोज्यात खोचलेली ती चिठ्ठी, कोण कुठे मारतो ते लिहिलेली, आज बॉनच्या म्युझियममध्ये आहे. माझं म्हणाल तर चिठ्ठीपेक्षा तो हात मोठा. (निरोपाचा सामना सोडला तर कानची बायर्नसाठीची शेवटची मॅच कोलकात्यात झाली, मे २००८ मध्ये, मोहन बागानविरुद्ध. हे सांगितलं की शेजारचे जर्मन काका अजूनही फोन काढून तपासतात.)

हंगामभर थांबूनही काही हललं नाही, तर ३० जूनच्या आत जुन्या क्लबात लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. तारीख चुकली तर नव्या क्लबात महिनोन्महिने मॅच खेळता येत नाही. आम्ही एकदा चुकलोय. चूक आमचीच.

शाळा सोडवू नका. न्यूअर, ओझिल, ड्राक्सलर हे जर्मनीकडून खेळलेले सगळे बेर्गर फेल्ड शाळेत शिकले, शाल्केच्या स्टेडियमला लागूनच आहे ती. एजंट म्हणून कुणी घरी आलं तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. पोर गप्प राहायला लागलं, सराव टाळायला लागलं, रात्री झोपेना, तर "कीपरचं काळीज घट्ट हवं" असले डोस पाजू नका. रॉबर्ट एन्के हानोफर क्लबचा कप्तान होता, राष्ट्रीय संघाचा कीपर होता. नैराश्याने त्याला गाठलं आणि २००९ मध्ये आपण त्याला गमावलं. त्याच्या नावाची संस्था आज नैराश्याबद्दल काम करते. आधी डॉक्टरांकडे जा, मग मैदानावर.

मॅचच्या दिवशी गोलच्या मागे उभं राहू नका, मधल्या रेषेजवळ राहा. सूचना देऊ नका, ते कोचचं काम आहे. हरल्यावर गाडीत आपण विषय काढायचा नाही. ईशान साधारण कालव्याचा पूल ओलांडेपर्यंत खिडकीबाहेर बघतो, मग म्हणतो, "भूक लागली." दुसरा गोल कसा गेला हे तो चपातीचा रोल खाताना आपणहून सांगतो, आणि निम्म्या वेळा त्याचं म्हणणं बरोबर असतं.

घरी आल्यावर ग्लोव्हज त्यालाच धुवायला लावा. कोमट पाणी घ्या, कपड्यांची पावडर अजिबात नको. पिळायचे नाहीत, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि सावलीत वाळत घालायचे. हिवाळ्यात हीटरवर ठेवायचा मोह होतो, पण सकाळी उघडाल तर जुन्या पापडासारखे तडकलेले मिळतील.