हाती महिने किती, तेवढाच प्रश्न: पदव्युत्तर संशोधनाची आखणी कशी करावी

पदव्युत्तर प्रबंध असो की पीएच.डी., बहुतेक विद्यार्थी आधी विषय ठरवतात, मग पैशांसाठी धावाधाव करतात आणि ‘संशोधन पद्धती’ हे प्रकरण डेटा हाती आल्यावर लिहायला घेतात. हा क्रम महागात पडतो. पैसे किती महिने पुरणार यावर डेटा किती जमेल हे ठरतं, आणि तेवढ्या डेटातून कोणत्या प्रश्नाचं उत्तर निघेल हे त्यावरून ठरतं. म्हणून तिन्हींचा विचार एकाच बैठकीत करावा.

१. आधी महिने मोजा

विद्यावेतन ज्या महिन्यात संपतं तिथून उलटं मोजत या. पीएच.डी. असेल तर लेखन, मार्गदर्शकांचं वाचन आणि दुरुस्त्या यांसाठी निदान सहा महिने बाजूला काढा. संशोधनात माणसांचा सहभाग असेल तर नैतिकता समितीची मंजुरी येईपर्यंत एकही प्रश्नावली वाटता येत नाही, तेही महिने वजा करा. उरलेले महिने प्रत्यक्ष कामाचे. तीन वर्षांच्या विद्यावेतनातून ते बरेचदा जेमतेम निम्मे निघतात. हा धक्का सुरुवातीलाच बसलेला बरा.

शेजारी खर्च लिहा. फी आणि राहण्याचा खर्च कुणी विसरत नाही. विसरतात ते मुलाखती टाइप करून घेण्याचे पैसे, सॉफ्टवेअरचं लायसन्स, अभिलेखागारातल्या कागदपत्रांच्या प्रती, परिषदेची नोंदणी आणि काही ओपन अ‍ॅक्सेस (कुणालाही मोफत वाचता येणारी) जर्नलं आकारतात ते प्रकाशनशुल्क. शिवाय प्रवासाचं अनुदान पुष्कळदा आधी स्वतः खर्च करून मग बिलं लावून परत मिळवायचं असतं. मंजुरीचं पत्र हातात आहे आणि तिकिटाला पैसे नाहीत, अशी वेळ त्यातूनच येते.

२. अर्ज करण्याआधी पात्रता, मग आराखडा

जाहिरातीत रकमेआधी पात्रतेचा मजकूर वाचा. युरोपियन युनियनच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी डॉक्टोरल नेटवर्क या पीएच.डी. संशोधकांसाठीच्या योजनेत कोणत्याही देशाचे उमेदवार अर्ज करू शकतात, पण भरतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त काळ राहिलेला उमेदवार साधारणपणे बाद होतो. विशेष म्हणजे तिथे नेमणूक नोकरीच्या कराराने होते. म्हणजे अर्जही एखाद्या ठरावीक प्रकल्पातल्या जागेसाठी असतो, आणि ‘मला संशोधनाची आवड आहे’ हे वाक्य तिथे काहीच काम करत नाही. संयुक्त पदव्युत्तर पदवीसाठीची इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीही सर्व देशांच्या विद्यार्थ्यांना खुली आहे. मोठ्या योजनांच्या मागे धावताना लहान अनुदानं सोडू नका. व्यावसायिक संघटनांचे प्रवासनिधी आणि ग्रंथालयांच्या अभ्यासवृत्त्या यांची रक्कम छोटी असते, पण पुढच्या अर्जात ‘याआधी निधी मिळाला आहे’ ही ओळ लिहिता येते.

आराखडा तपासणारा परीक्षक तुमच्याच उपविषयातला असेल असं धरून चालू नका. पहिल्याच परिच्छेदात प्रश्न काय, तो अजून का सुटलेला नाही आणि तुम्ही तो कसा सोडवणार, हे त्याला कळलं पाहिजे. एक गोष्ट फार कमी अर्जांत दिसते: ठरवलेला मार्ग बंद झाला तर काय करणार, हे सांगणारी दोन-तीन वाक्यं. ‘अमुक संस्थेने नोंदी पाहू दिल्या नाहीत तर प्रकाशित अहवालांवर काम करू’ एवढंही पुरतं.

शिफारसपत्र मागताना ‘पत्र द्याल का’ असं विचारण्यापेक्षा ‘माझ्या कामाबद्दल सविस्तर लिहिता येईल का’ असं विचारा, म्हणजे ज्यांना जमणार नाही त्यांना नाही म्हणायला वाट राहते. सोबत आराखडा, बायोडेटा आणि मुदतीची तारीख द्या. आणि जी शिष्यवृत्ती मिळवण्यासाठी आधी तुमच्याकडूनच ‘प्रोसेसिंग’चे पैसे मागितले जातात, तिच्याबद्दल विद्यापीठाच्या कार्यालयात चौकशी केल्याशिवाय एक पैसाही देऊ नका.

३. प्रश्न लहान करा

खरी कसोटी इथे आहे. संख्यात्मक अभ्यास असेल तर नमुन्याचा आकार आधी काढा, त्यासाठी जी-पॉवर हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. समजा, दोन गटांच्या सरासरींची तुलना करायची आहे, सार्थकतेची पातळी (फरक नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता) ५ टक्के आणि पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के धरली आहे. फरक प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत, त्या मापाच्या) निम्मा असेल, तर प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. तोच फरक एक-पंचमांश असेल तर लागतात ३९० हून अधिक. पहिल्या पायरीतले महिने समोर ठेवा: एवढी माणसं गाठता येतील का? नसतील, तर प्रश्न बदला. ‘जमतील तेवढी घेऊ’ म्हणून सुरू केलेल्या अभ्यासातून ‘फरक आढळला नाही’ असं निघालं, तर फरक खरंच नाही की माणसं कमी पडली, हे कुणालाच सांगता येत नाही.

गुणात्मक संशोधनात असा तयार आकडा नसतो, म्हणून ते सोपं आहे असा गैरसमज दिसतो. तासाभराची मुलाखत नीट टाइप करायला चार ते सहा तास सहज जातात. वीस मुलाखतींचे शंभर तास झाले, आणि विश्लेषण अजून सुरूही झालेलं नाही. आवाजावरून मजकूर तयार करणारी साधनं वेळ वाचवतात, पण ध्वनिमुद्रण बाहेरच्या सर्व्हरवर चढवायला सहभागी व्यक्तींची संमती आहे का, ते संमतिपत्रात आधीच असावं लागतं.

डेटा गोळा करण्याआधी प्रबंधातले तक्ते रिकामे आखून ठेवा. स्तंभ, ओळी, शीर्षकं सगळं लिहा, फक्त आकडे नाहीत. कोणत्या तक्त्यात जाणार हे सांगता येत नाही असा प्रश्न प्रश्नावलीतून काढून टाका. मग चार-पाच जणांवर चाचणी घ्या. गृहीतक आणि विश्लेषणाची योजना ओपन सायन्स फ्रेमवर्क या मोफत संकेतस्थळावर तारखेसह नोंदवता येते. ते केलंत, तर निकाल पाहून गृहीतक बदलण्याचा मोह आपोआप आवरतो.

मूळ डेटाच्या फाइलला हात लावू नका. काम प्रतीवर करा आणि प्रत्येक बदल लिहून ठेवा. हे किती गंभीर आहे याचं उदाहरण अर्थशास्त्रात आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या शोधनिबंधात सार्वजनिक कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे ०.१ टक्के दाखवली होती. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट संकुलातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी वर्गातल्या स्वाध्यायासाठी तेच आकडे पुन्हा काढत होता आणि ते जुळेनात. लेखकांकडून मिळालेल्या स्प्रेडशीटमध्ये सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटलेले निघाले. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ मध्ये केलेल्या फेरगणितात ती वाढ अधिक २.२ टक्के आली. सगळी तफावत त्या सूत्रामुळे नव्हती, काही आकडे वगळणं आणि सरासरी काढताना देशांना दिलेला भार हेही मुद्दे होते. मूळ लेखकांनी सूत्राची चूक मान्य केली, बाकीवर वाद राहिला. प्रसिद्ध झालेला एखादा निष्कर्ष स्वतः पुन्हा काढून पाहणं हा पहिला प्रकल्प म्हणून मला म्हणूनच उत्तम वाटतो: खर्च कमी, आणि पद्धत हाताखालून जाते.

४. नकार आणि अडथळे

रिव्ह्यूअरचे शेरे आले की दोन दिवस उत्तर लिहू नका. मग तीन रकाने पाडा: शेरा, त्यावर काय केलं, कोणत्या पानावर. सगळे शेरे मान्य करायला हवेत असं नाही, पण अमान्य केलेल्याचं कारण लिहायलाच हवं. निधीचा अर्ज फेटाळला गेला तर अभिप्राय मागा. आराखडा तोच ठेवून नवी योजना शोधता येते.

तुमचाच विषय दुसऱ्या कुणी आधी छापला, तर वाटतं तेवढं सगळं संपत नाही. ‘प्लॉस बायॉलॉजी’ या जर्नलने २०१८ मध्ये जाहीर केलं की पहिला निबंध छापल्यापासून सहा महिन्यांच्या आत तुमचा आला तर केवळ ‘हे आधी आलं आहे’ म्हणून तो नाकारला जाणार नाही. निकाल अपेक्षेप्रमाणे न येण्याची भीती असेल, तर रजिस्टर्ड रिपोर्ट स्वीकारणारी जर्नलं पाहा. तिथे डेटा गोळा होण्याआधी पद्धत तपासून तत्त्वतः मंजुरी देतात, मग निकाल काहीही येवो.

मार्गदर्शकांशी मतभेद होणारच. प्रत्येक भेटीनंतर ‘आज हे ठरलं’ असा चार ओळींचा ईमेल पाठवत जा. बरेच वाद आठवणींतल्या फरकाचे असतात, ते तिथेच मिटतात. अपमान, धमकी किंवा लेखकांच्या यादीतून नाव गाळण्यापर्यंत गोष्ट गेली, तर हेच ईमेल घेऊन सहमार्गदर्शक किंवा विभागाच्या संशोधन समितीकडे जा.

आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कामाला हात लावावासा वाटत नसेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. हे वेळापत्रक आणखी घट्ट करून सुटत नाही. विश्रांतीसाठी नोंदणी काही महिने स्थगित ठेवायची असेल, तर अर्ज देण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: त्या काळात विद्यावेतन थांबेल का, थांबलं तर शेवटची तारीख तेवढीच पुढे जाईल का, आणि दुसऱ्या देशात शिकत असाल तर व्हिसावर काय परिणाम होईल.