आधी कोणतं फीचर बांधायचं? चार आकडे मांडून बघा

अ‍ॅप किंवा सॉफ्टवेअरमध्ये पुढे बांधायच्या फीचर्सची, म्हणजे नव्या सोयींची, यादी करा आणि प्रत्येकासमोर चार आकडे लिहा. तीन महिन्यांत किती वापरकर्त्यांना ते लागेल, प्रत्येकाला किती फरक पडेल (खूप ३, बऱ्यापैकी २, मध्यम १, थोडा ०.५), अंदाजाची खात्री किती (१००, ८० किंवा ५० टक्के) आणि काम किती मनुष्य-महिन्यांचं (एका माणसाचं महिनाभराचं काम म्हणजे एक मनुष्य-महिना). पहिल्या तिघांचा गुणाकार करून चौथ्याने भागा. या पद्धतीला राइस (RICE) म्हणतात; रीच, इम्पॅक्ट, कॉन्फिडन्स आणि एफर्ट या चार आकड्यांच्या इंग्रजी नावांची ही आद्याक्षरं.

समजा, शोध सुधारायचा आहे: २००० × १ × ०.८ ÷ २ = ८००. एक्सेलमध्ये डेटा उतरवून घेण्याची सोय: ५०० × ३ × ०.५ ÷ १ = ७५०. शोध पुढे दिसतो, पण एवढ्यावर निर्णय घेऊ नका. दुसऱ्या फीचरला मागे ओढते ती फक्त कमी खात्री. पाच-सहा वापरकर्त्यांशी बोला, ते आज हे काम कसं उरकतात ते प्रत्यक्ष पाहा. गरज खरी निघून खात्री ८० टक्क्यांवर गेली, तर गुण १२०० होतात आणि क्रम उलटतो. कोडची एक ओळही न लिहिता!

चुका बहुतेक भाजकात, म्हणजे कामाच्या आकड्यात होतात. कष्ट मोजताना फक्त कोडिंग धरलं जातं. डिझाइन, टेस्टिंग, जुन्या डेटाचं स्थलांतर राहून जातं. म्हणून हा आकडा बांधणाऱ्यांकडूनच घ्या. वापरकर्त्यांची संख्या सगळीकडे एकाच कालावधीची हवी, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. सुरक्षेतली त्रुटी किंवा कायद्याने बंधनकारक काम मात्र या गणितात घालूच नका, ते थेट आधी करा.