कॅप किंवा व्हिनियर बसवण्याआधी

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी आलेला चाकरमानी दातांच्या दवाखान्यात शिरतो तो रजा मोजूनच: "चार दिवस आहेत, कॅप बसवून द्या." चार दिवसांत हे काम सहसा नीट होत नाही. पहिल्या खेपेला मशीनने दात घासून बारीक करतात आणि माप घेतात, लॅबमधून कॅप यायला साधारण पाच ते दहा दिवस जातात, मग बसवणं. शिवाय बसवल्यावर चावा उंच वाटला तर पुन्हा जावं लागतं. म्हणून परतीच्या गाडीआधी हाताशी निदान पंधरा दिवस ठेवा. तेवढी रजा नसेल तर नोकरीला जिथे राहता तिथेच करा.

घाई नको, कारण घासलेला दात परत वाढत नाही. व्हिनियर म्हणजे पुढच्या दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेली पातळ चकती. तिच्यासाठी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर थर काढतात. कॅप दाताला चहूबाजूंनी झाकते, तिच्यासाठी एक ते दोन मिलिमीटर घासावं लागतं. एकदा हे केलं की त्या दाताला जन्मभर काही ना काही आवरण लागणारच, आणि ते काही वर्षांनी बदलावंही लागणार. नुसत्या पिवळेपणासाठी धडधाकट दातांवर कॅप सुचवली, तर आधी सफाई आणि ब्लीचिंगचं, म्हणजे औषधाने दात उजळण्याचं विचारा. ब्लीचिंगनंतर व्हिनियर करायचे असतील तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्यावेत, नाहीतर चिकटवायचं सिमेंट नीट धरत नाही.

उलट, रूट कॅनाल झालेल्या दाढेला कॅप टाळू नये. दुखणं थांबतं, म्हणून लोक विसरतात. आतून पोखरलेली ती दाढ मग एखाद्या दिवशी भाजलेल्या आठळीवर किंवा कुर्लीच्या डेंग्यावर उभी चिरते. चीर मुळात गेली की दाढ काढण्यावाचून इलाज नसतो. पुढच्या दाताला मात्र रूट कॅनालनंतर दरवेळी कॅप लागतेच असं नाही.

घासण्याआधी एक्स-रे काढलाच पाहिजे. मुळाशी पू किंवा कीड राहून गेली तर वरची कॅप कितीही भारी असली तरी उपयोग नाही. दुसरा प्रश्न विचारायचा तो असा: हिरडीच्या वर चांगला दात किती उरलाय? सगळीकडून निदान दोन मिलिमीटर हवा. त्याहून कमी असेल तर कॅपला धरायला जागाच नसते आणि ती पुन्हा पुन्हा निघते. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी सफाई करून हिरडी बरी होऊ द्या. सुजलेल्या हिरडीवर घेतलेलं माप चुकतं आणि सूज ओसरली की कॅपची कड उघडी पडते. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधांची ॲलर्जी हे न विचारताही सांगा.

प्रकार कोणता घ्यावा? मेटल-सिरॅमिक, म्हणजे आत धातू आणि वर सिरॅमिक, स्वस्त, पण वरचं सिरॅमिक टवकतं आणि हिरडी खाली सरकली की काळी रेघ दिसते. दाढेला अखंड झिरकोनिया, म्हणजे पांढरं, फार कणखर सिरॅमिक, चांगला टिकतो. पुढच्या दातांना काचेसारखी झाक असलेलं सिरॅमिक शोभतं. निव्वळ धातूची कॅप दिसायला कुणाला आवडत नाही, पण अगदी मागच्या दाढेला ती उत्तम. दातही कमी घासावा लागतो. कंपोझिटचे, म्हणजे दातात भरतात त्या दातरंगी मसाल्याचे, व्हिनियर एका बैठकीत होतात आणि दुरुस्तही होतात, पण चहा, मिशरी, तंबाखू यांनी लवकर डागाळतात. रात्री दात खाण्याची सवय असेल तर व्हिनियरच्या आधी तिचा विचार करा. झोपताना घालायचा गार्ड करून घ्यावा लागेल.

रंग दात घासण्याआधीच ठरवा, खिडकीच्या उजेडात. उघड्या तोंडात दात सुकला की पांढरा दिसतो आणि रंगाचा अंदाज चुकतो. शेजारच्या दातांवर मिशरीचे डाग असतील तर आधी ते काढून घ्या, नाहीतर कॅप त्या डागाशी जुळवली जाईल.

मधल्या दिवसांत तात्पुरती कॅप असते. त्या बाजूने चिकट, कडक काही चावू नका. फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा धागा, वर ओढू नका, बाजूने सरकवून काढा. सुईचा बधिरपणा उतरेपर्यंत गरम सार किंवा जेवण नको. गाल चावला गेला तरी कळत नाही.

पक्कं चिकटवण्याआधी कॅप नुसती बसवून दाखवायला सांगा. आरसा घेऊन दारात या आणि रंग बघा. पुढचे दात असतील तर "सावंतवाडी, वैभववाडी" असं मोठ्याने म्हणा. स आणि व अडखळले तर लांबी किंवा जाडी चुकली आहे. फ्लॉस शेजारच्या दातामधून किंचित अडून आत गेला पाहिजे. सैल गेला तर माशाचे धागे तिथेच अडकणार, फाटला तर कड खरखरीत आहे. निळ्या कागदावर चावून चावा तपासतात, पण भूल असताना नेमकं कळत नाही. घरी गेल्यावर तोच दात आधी टेकतोय असं वाटलं तर "सवय होईल" म्हणून बसू नका. दोन मिनिटांचं घासकाम असतं, आणि राहून गेलं तर दात ठणकायला लागतो.

झिरकोनियाचं वॉरंटी कार्ड, एक-दोन फोटो आणि एक्स-रे मागून घ्या. पुढे मुंबईत दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर हेच कामी येतं. खर्च झेपत नसेल तर रत्नागिरी जिल्ह्यात खेडला दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खेपा मात्र जास्त पडतात.

कॅप निघालीच तर फेव्हिक्विक लावू नका. धुऊन डबीत ठेवा, त्या बाजूने चावू नका आणि दोन-चार दिवसांत दाखवा. आतला दात शाबूत असेल तर बहुधा तीच पुन्हा बसते. आत कीड असेल तर तीच निघण्याचं कारण असते, आणि मग कॅप नवी करावी लागते.